अवघड जागेचं दुखणं

आरसा जमिनीवर ठेवला, पाय फाकवून उभा राहिलो
आणि बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली
माझ्यात मारलेली गाठ.
निळा दोरा. कातडीच्या भोकातून आत,
गुदद्वारातून बाहेर.
क्लाक्सविकच्या धक्क्यावर चाळीस वर्षं जाळी सांधली मी,
गाठ कळते मला.
ही बरी आहे. पण सैल आहे.

सर्जनबाई म्हणाल्या, सैलच हवी.
वरून बुजलं की आत गळू धरतं,
मग ताप, थंडी, पुन्हा टेबल, पुन्हा सुरी.
वाहू दे, म्हणाल्या. महिनोन्‌महिने वाहू दे.
फाटलेलं दिसलं की सुई उचलणारा हात माझा,
त्याला सांगतात
भोक राख.

दर आठ आठवड्यांनी तोर्सहावन, शिरेतून औषध,
समुद्राखालचे दोन बोगदे
एका कुल्ल्यावर.
चर्चमध्ये मी मागे उभा असतो.
लोकांना वाटतं, हैनी म्हातारपणी नम्र झाला.
वाटू दे.

वीस वर्षं आतडं जळत होतं
तेव्हा क्रोन हा शब्द तरी चारचौघांत बोलता यायचा.
भगंदर कुणाला सांगणार?
होडीतल्या माणसांना मी पाठदुखी सांगितली.
बायको गेली तिलाही पाठदुखीच.

आणि या बेटावर परका माणूस मिळत नाही.
पडदा सरकवून ड्रेसिंगची ताटली घेऊन आला
तो बैनिर.
माझ्या मर्युनचा नवरा.
पुरुष असून नर्स, असं त्याच्याच लग्नात
दोन घोट पोटात गेल्यावर मी मोठ्याने बोललो होतो.

तो थांबला. दुसऱ्या कुणाला पाठवू का, म्हणाला.
दुसरी म्हणजे सुन्नवा, शेजारीण.
मी भिंतीकडे तोंड करून कुशीवर वळलो.

हात कोमट होते त्याचे. आधी चोळून घेतले असावेत.
बोलत होता मेंढ्यांबद्दल,
वरच्या कुंपणाची तार तुटलीय, एडका दोनदा निसटला.
घासायचं नाही, टिपायचं, हेही मध्येच.
दोरा हळूच फिरवला.
दुखलं तर सांगा.

दुखतंय, म्हणालो.
शब्द इतका जुना झाला होता तोंडात
की आधी खोकला आला.

जाताना विचारलं त्याने,
मर्युनला काय सांगू?

सांग, वाहतंय.