बर

रविवारी नऊच्या सुमारास
गॅलरीतल्या घडीच्या टेबलाला मी शिकंजा आवळते.
सुरीची पाठ जबड्यात,
दांडीच्या टोकाला दगड,
आणि दांडी जिथून फिरते तिथे पितळी पट्टीवर आकडे:
पंधरा, सतरा, वीस, पंचवीस.
हात चुकला तरी कोन चुकत नाही.
एवढ्यासाठीच घेतलं हे यंत्र.
आठवडाभर पाणीपट्टीच्या खिडकीत बसून
हात आणि कोन दोन्ही चुकलेले असतात.

आधी धारेवर निळ्या मार्करची रेघ ओढायची.
दगड दोनदा फिरवून बघायचं.
शाई जिथे उरते
तिथे सुरी अजून दगडाला भेटलेली नाही.

खोपटच्या आमच्या सोसायटीत आता सगळ्यांना ठाऊक झालंय.
पिशव्यांतून, टॉवेलांतून सुऱ्या येतात.
दुसऱ्या मजल्यावरचीचं टोक दर वेळी मोडलेलं,
डबे उघडतात तिने.
तळमजल्यावरचीला मधेच एवढंसं पोट पडलंय,
बाकी धार जशीच्या तशी:
एकटा माणूस, रोजचा एक कांदा.
मी कुणाला काही बोलत नाही.
चारशेचा दगड, हजाराचा, मग चामडं.

गेल्या महिन्यात पेंडुरकरांची वृंदा आली.
पेपरात गुंडाळलेली सुरी टेबलावर ठेवून म्हणाली,
हिची धार काढून द्या.
म्हटलं, लावून ना?
नाही. काढून.

सासरे चौऱ्याऐंशीचे. काकडी तेच चिरणार.
डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या.
सुरी लपवली तर ताटावर बसत नाहीत,
बोथट दिली तर ओळखतात.
वागळे इस्टेटला, सोळा नंबर रोडवर, छापखान्यात
एकतीस वर्षं कटिंग मशीन चालवलं त्यांनी.
डोळ्यांत मोतीबिंदू, पण पातं अंगठ्याने वाचतात.
धार वाटायला हवी, लागायला नको.
जमेल?

पट्टीवर या कामाचा आकडा नव्हता.
दांडी सोडवून बाजूला ठेवली.
दगड धारेवर सरळ उभा टेकवला
आणि ओढला.
असा आवाज त्या टेबलावर कधी झाला नव्हता,
वृंदाने गॅलरीचं दार लावून घेतलं.

चांगली धार उजेडात दिसत नाही,
दिसते ती मेलेली.
टाचेपासून टोकापर्यंत एक पांढरी रेघ उमटली.
आणि रेघेच्या दोन्ही काठांना बर:
सुटलेल्या पोलादाची किनार, केसाहून बारीक.
एरवी चामड्यावर घासून मी ती काढूनच टाकते,
बर ठेवणं म्हणजे काम अर्धं टाकणं.
त्या दिवशी ठेवली.
अंगठा फिरवला तर ती पकडते, खरखरते,
आणि कापायला गेलं की दुमडते.
तितकं नीट काम मी कुठल्याच सुरीवर केलं नव्हतं.
पैसे घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी पेंडुरकर जिन्यात भेटले.
एक हात कठड्यावर, दुसऱ्यात दुधाची पिशवी.
पट्ट्या निघाल्या होत्या.
माझ्या पायरीवर थांबले,
अंगठा तर्जनीवर आडवा फिरवला,
हळू, दोनदा,
जसं कागदाचं वजन बघतात.
म्हणाले, बर रवली हा.

मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

रवांदे, म्हणाले.
सुनेक सांगू नको हां.
आणि एकेक पायरी करत वर गेले.
ते दारापर्यंत पोचल्यावर
मला उत्तर सुचलं. बरं.

आता महिन्याला सुरी येते.
कधी वृंदा आणते, कधी ते स्वतः,
पेपर तोच, घडी मात्र वेगळी:
ते आणतात तेव्हा कोपऱ्याला कोपरा जुळलेला असतो.
दुमडून मोडलेली बर मी पुन्हा उभी करते.
परवा सोबत डबा होता, काकडी होती त्यात,
एक चकती बोटभर जाड, दुसरी कागदासारखी,
मधेच एक नुसतीच चेपलेली.
मीठ त्यांनी जरा जास्तच घातलं होतं.