सलमाबाद, गुरुवार रात्र

गॅरेजांची शटरं पडली की
आमच्या फॅब्रिकेशन शेडच्या मागं, पत्र्याच्या खोलीत
ते पाचजण प्लग खोचतात.
जलील, इथलाच, बहरीनी, वीज खात्यातला, ड्रमवर.
कोल्लमचा बिजोय आणि म्हापशाचा साव्हियो, गिटारी त्यांच्या.
जाड तारांची बास झरक खानची, दिवसा तो ट्रेलर हाकतो.
आणि रॉडेल,
जो सलूनमध्ये बायकांची नखं रंगवतो
आणि रात्री काळी पाचच्याही वर जाऊन
असा ताणतो, की पत्र्यातले रिव्हेट
आपापल्या भोकात अंग चोरतात.

मी बाळगोंडा, आर्गन वेल्डर, इचलकरंजीचा.
पहिल्यांदा गेलो ते भांडायला:
पहाटे चारला उठायचं असतं मला.
दार ढकललं,
आणि छातीत कुणीतरी माग चालू केला.

खरं सांगतो, शब्द नाही कळले.
तलवारी, वादळ, उपाशी किल्ला, कुठलासा राजा.
बिजोयनं नंतर अर्थ सांगितला,
म्हटलं, अरे हे तर पोवाड्यातलंच सामान.
पण चाल लगेच कळली:
एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड,
घोडं उधळलंय
आणि लगाम जलीलच्या पायात.
त्यावर दोन्ही गिटारी एकच वाक्य बोलतात,
एक जराशी वरून,
सख्ख्या जावा भांडण विसरून
एकाच उखाण्यात शिराव्यात तशा.

जुन्या वळणाचं मेटल म्हणतात याला.
नव्या पोरांसारखं गुरगुरायचं नाही, साव्हियो सांगतो,
चाल पाहिजे, सूर पाहिजे,
शेवटी चढायला एक जिना पाहिजे.
आणि चामड्यावर खिळे.
ते मी करून दिले, स्टेनलेसचे, बत्तीस,
एकेक बफवर धरून.
जुलैत, एसी बंद पडलेला असताना,
रॉडेल ते जाकीट घालतो. उतरवत नाही.

आप्पांचे कान मागांनी कधीच खाल्ले.
एका गुरुवारी व्हिडिओ कॉल लावला,
फोन जलीलसमोर धरला.
आवाज जाऊन उपयोग नव्हता.
आप्पा बघत राहिले भुवया गोळा करून,
जॉबर असताना रुसलेल्या मागाकडं बघायचे तसे.
मग म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं:
"माग झकास आहे.
उजवीकडचा ठोका उशिरा येतोय.
काहीतरी सैल झालंय, बघ म्हणावं."

मोडक्या हिंदीत सांगितलं मी.
झरक हसला. जलील नाही हसला.
खाली वाकला, उजवं पेडल उलटं केलं,
स्प्रिंग चाचपली,
माझ्यापुढं हात केला. मी तेरा नंबरचा पाना दिला.

दोन आटे.
पुन्हा पहिल्यापासून.
फोन ठेवायचा राहिलाच होता.
तिकडं आप्पांची मान हलत होती,
बहुतेक त्यांना ते माहीत नव्हतं.