मिठागरातला फोटो

आगरवाडा. मार्च. दुपारचे साडेबारा.
मिठागरात सावली म्हणजे
पायांखालचा रुपयाएवढा डाग.

गुणवंतीबायला मी उन्हासमोर उभं केलं,
उजेड भरपूर म्हणून.
तिच्या डोळ्यांच्या दोन चिरा झाल्या,
भुवयांखाली खळगे,
नाकाची सावली ओठावर मिशीसारखी.
ओंजळीचा आडोसा करून पडदा पाहिला:
कपाळ जळून पांढरं,
आणि खाली कुणीतरी रागावलेला पुरुष.

वेग वाढवला. छिद्र बारीक केलं.
खळगे तसेच.
शेवटी फ्लॅश काढला, तर ती म्हणाली,
भर दुपारी दिवा लावतोस?

मग फावडं टेकवून, जणू नवख्या गड्याला सांगावं तसं,
‘वताक फाट दी रे.’
उन्हाला पाठ द्यायची.
चाळीस मोसम ती तशीच उभी राहत आली आहे.

ती वळली. मीही वळसा घालून
मिठाच्या ढिगाला टेकलो.
ऊन तिच्या केसांमागे गेलं,
सुटल्या बटा तारेसारख्या पेटल्या,
आणि ढिगाऱ्यावरून परतलेला उजेड
खालून, सावकाश,
हनुवटीला लागला, गालाच्या घड्यांत शिरला,
खळग्यांत पोचला.
तिथे डोळे होते. पिंगट.
इतका वेळ मला ठाऊक नव्हतं.

पणजीहून आणलेला रुपेरी पत्रा
गाडीतच पडून.

मिठाची तिरीप झोंबते म्हणून म्हटलं,
डोळे मिटा, तीन म्हणेन तेव्हा उघडा.
तिने दोनलाच उघडले,
मी फसलो का ते बघायला.

तोच ठेवलाय.