ईझमेंट

"इजमेंट म्हंजे काय ता?" शेवंती कुबल विचारते
देवगड कोर्टाच्या व्हरांड्यात.
पाटी घरी ठेवून आलीय,
हातांना कालच्या बांगड्यांचा वास तसाच.

मी पुस्तकातलं सांगू लागतो:
दुसऱ्याच्या जमिनीवर आपला हक्क,
मालकीचा नव्हे, जाण्यायेण्यापुरता.
शब्दाच्या पोटात आराम आहे, ते मात्र गिळतो.
वीस किलो मासळी डोक्यावर घेऊन
जांभ्याची पाखाडी चढणाऱ्या बाईला
आराम कुठल्या तोंडानं सांगायचा?

वीस वर्षं लागतात, म्हटलं.
तिची सासू याच वाटेनं बंदरात उतरायची.
अखंड लागतात.
मधे दोन बाळंतपणं, एक वादळ,
आणि होडी नुसतीच परत आली तो कार्तिक.
उघडपणे लागतात.
पहाटे चारला, काळोखात? पाहिलं कोणी?
समोरचे वकील हसले.
पाहायचं कशाला,
ती चढून गेली की तासभर
सामंतांच्या बागेतली कुत्री वाटेला नाक लावून असायची.

उरलं 'हक्कानं'. तिथे भोक आहे.

बाग तेव्हा विसूभाऊ सामंतांची.
बेडं कधी लावलं नाही त्यांनी.
पावसाळी पहाटे निसरड्या पायरीशी
कंदील घेऊन उभे राहायचे.
ती परतताना गडग्यावर एक वाटा ठेवून जायची.
आता पुतण्यानं विकली, चिऱ्यांची भिंत आली,
भिंतीत गेट, गेटवर वॉचमन.

कायदा म्हणतो, परवानगीनं चाललेली वाट
हक्काची होत नाही.
मायेनं दिलेलं परत घेता येतं.
म्हणून काल संध्याकाळी पढवलं तिला:
म्हण, विसूभाऊ तिरसट होते.
म्हण, तोंडही बघत नसत.
ती नखातलं खवलं काढत राहिली.

"मयत सामंत यांनी तुम्हाला
जायची परवानगी दिली होती काय?"

पंख्याची घरघर. टायपिस्टची बोटं अधांतरी.

"इचारूचा कित्याक? वाट ती. दार नाय."

साहेबांनी लिहून घेतलं: परवानगी मागितलेली नाही.
मी खाली बघून फाईलची नाडी बांधली.
पुढची तारीख चौदा.

जिना उतरताना म्हणाली,
"इसूभाऊंचा नाव लागला मां कागदार?"
लागलं.
"आनि कंदलाचा?"

नाही म्हटलं.
ती काही बोलली नाही. बंदराकडे निघाली,
डांबरी रस्त्यानं, लांबच्या.