किरकोळ

इंजिन उतरवून आज नववा दिवस.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, पत्र्याची शेड,
शेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना,
आणि स्टँडवर उलटं टांगलेलं
भाऊंच्या डुक्कर फियाटचं काळीज.
बाकीची ती बाहेर चिंचेखाली, बॉनेट उघडं टाकून,
दंतवैद्यासमोर बसल्यासारखी.

इनास मिस्त्री बोलतो कमी.
उतरवण्याआधी त्याने ऐकून घेतलं होतं:
लांब स्क्रूड्रायव्हर ब्लॉकला टेकवून
मूठ कानामागच्या हाडाला,
दुसऱ्या हाताने एकेक प्लगची वायर काढत.
तिसरी काढली आणि ठोका मऊ पडला.
"तीन नंबर."
मग चेंबरमधलं तेल जुन्या बनियनवर ओतून
उन्हात तिरकं धरलं.
काळ्यात चांदीचा चुरा.
नको तिथे सुंदर.

बेअरिंगचा करडा थर उडून खालचं तांबं उघडं,
क्रँकवर चरे, नखाला लागतील असे.
मी नख फिरवलं. लागले.
इथवर सगळं अपेक्षित होतं. खर्चही.

मग त्याने ब्लॉकच्या कुशीवरचा हिरवा रंग खरवडला
आणि हात थांबवला.
"हिला कुणीतरी उकळवलीय एकदा.
आणि तापलेल्यावर गार पाणी ओतलंय."
तारेने मागच्या कप्प्यातला गंज उकरला,
चिमटीत चोळला.
"गोड्या पाण्याचा गंज असा कुरतडत नाही."

मी चहाचा ग्लास शोधू लागले. हातातच होता.

त्र्याऐंशीचा मे. मी एकोणीस.
भाऊ सांगलीला लग्नाला, किल्ली कपबश्यांच्या मागे.
घोडबंदर रस्ता, शेजारी हेमलता टिपणीस, खिडकीबाहेर कोपर काढून.
गायमुखच्या चढावर काटा लालमध्ये जाऊन बसला.
मला वाटलं, काटाच बिघडलाय.
मग वाफ.
विहीर नाही, घर नाही. खाडी होती.
दुधाच्या किटलीने तीन खेपा.
तिसरीला आत कुठेतरी टण् झालं,
दुसऱ्या खोलीत भांडं पडावं तसं.
गाडी कशीबशी घरी आली. किल्ली जागेवर गेली.
कुणी काही विचारलं नाही.

इनास रॉकेलचा बोळा फिरवतो, कोरडं पुसतो,
वर खडूची पूड.
"आता थांबायचं."
भेगेत शिरलेलं रॉकेल आपल्या वेळेने परत येतं,
पांढऱ्यावर ओली रेघ काढतं.

रेघ आली नाही.
खडू फुंकल्यावर तिच्या जागी दिसले गोल,
वाटाण्याएवढे, एकमेकांत अर्धे रुतलेले,
ओळीने अठरा.

"टाके आहेत," इनास म्हणाला.
"बिडाला वेल्डिंग सोसत नाही. भोक पाडा, आटे पाडा,
पिन पिळून बसवा, तिला कापत पुढचं भोक.
चार-पाच दिवसांचं काम. चांगला हात होता. कुणाचा?"

माहीत नाही.

भाऊंची गाडीची वही माझ्या पिशवीत होती.
पेट्रोल, ऑइल, पंक्चर, वायपरचं रबर सव्वातीन रुपये,
सगळं निळ्या शाईत, तारखेसह.
जून त्र्याऐंशी: पेट्रोल काहीच नाही.
(त्या महिन्यात ते बसने कामावर गेले.
म्हणायचे, तेवढेच पाय मोकळे होतात.)
पानाच्या तळाशी एक ओळ:
किरकोळ, रुपये चारशे दहा.
पगार नऊशे होता त्यांचा.

पुढे सोळा वर्षं ते माझ्या शेजारी बसून आले,
कितीतरी वेळा त्याच चढावरून,
आणि फक्त काट्याकडे बघायचे.
मला वाटायचं, माझ्या चालवण्यावर विश्वास नाही.

इनास अजून वाकलेलाच, शेवटच्या टाक्यापाशी.
पुन्हा पूड टाकलीय त्याने.
टाक्याच्या पलीकडे, नखभर,
खडू ओला व्हायला लागलाय.
एवढ्या वर्षांत भेग इतकीच चालली.

"आणखी दोन बसतील," तो म्हणतो.
"क्रँक तुर्भ्याला पाठवू."
कानामागची पेन्सिल काढून बिलबुक उघडतो.
"ह्या टाक्यांचं काय म्हणून लिहू?"