कुणाच्या डोळ्यांनी

चियातुराच्या दरीवर पाळणा अडकला तेव्हा
आत सात जण होते. आधी मी बाद्रीला धरलं:
खाणीतून सुटलेला, बुटांवर मँगनीजची काळी भुकटी,
मांडीवर केकचा खोका. साठ पानं झाली.
बाद्री फार बोलायचा.
उंचावर टांगलं की माणसाला सगळंच कळायला लागतं.

मग त्याची बायको. खाली, पुलावर, मान वर करून.
माझीच मान आखडेपर्यंत लिहिलं, तेरा पानं.
तिच्या रडण्यात माझा आवाज यायला लागला,
फाडून टाकलं.

उरली एतेरी. वरच्या ठाण्यातली चालक.
तिच्या खिडकीसमोर गेल्या वर्षी भिंत उठली,
पाळणा तिला दिसतच नाही.
ऐकू येते दोराची कुरकुर, आणि फोन,
जो ती उचलत नाही;
उचलला तर विचारतील.

संपादक म्हणाला, जिला काही दिसत नाही
तिच्या डोळ्यांनी वाचकाला काय दाखवणार?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.
एतेरीचा चहा गार झालाय.
खटक्यावर हात ठेवून ती कान देऊन बसलीय,
आणि तिच्याशेजारी बसून
मलाही आता सांगता येत नाही
त्या केकचं काय झालं.