पासंग

शुक्रवारी मंडळाच्या हॉलवर विषय होता:
रुपयाचं नाणं पाडणं सरकारने बंद करावं का.
पंखा कुरकुरत होता.
शेवड्यांनी आकडे आणले होते, वहीत, हिरव्या शाईने:
पाडायलाच रुपयाहून जास्त लागतात म्हणे,
हा कुठला संसार?
वर्तकांचं म्हणणं, सिग्नलवरचा म्हातारासुद्धा घेत नाही हल्ली,
परत आपल्याच तळहातावर ठेवतो
आणि वर आपल्याकडे बघतो.
चित्रेबाई म्हणाल्या, मग एकशे एक कसे द्यायचे?
शंभरावरचा तो एक
काय फोनवरून चिकटवायचा पाकिटाला?
हशा झाला. चहा आला.

मी बोललो नाही.
एकतीस वर्षं वजन-मापं खात्यात काढली,
पितळी वजनांची पेटी घेऊन पार्ल्याचा बाजार, अंधेरीचा बाजार.
नाणी मी खिशात कमी पाहिली,
पारड्याच्या पोटाखाली जास्त.
मेणात रुतवलेली, डांबरात,
एकदा तर भिजवलेल्या कणकेत, आणि कणीक सुकून
नाणं माझ्याच बुटावर पडलं होतं.

सत्त्याऐंशी साली फिलोमिना तुस्कानो,
वसईहून पहाटे येणारी, वेलची केळी, अळू, पडवळ,
तिच्या तराजूखाली मला चौकोनी पाच पैसे सापडले.
ग्रॅम, फार तर दीड ग्रॅम.
म्हणाली, साहेब, मापाच्या पारड्याची कड तुटली,
पोरगी पडली त्याच्यावर.
हे नाणं लावलंय म्हणून काटा मधे आहे.
काढा, आणि मी खोटी.

नियमात पासंगाला जागा नव्हती.
मी नखाने खरवडून काढलं.
केळ्यांचं पारडं रिकामंच
सावकाश खाली गेलं, गिऱ्हाइकाच्या नुकसानीकडे.
आम्ही दोघांनी ते पाहिलं.
मग मी पावती फाडली, पंचवीस रुपये,
आणि ते नाणं पुराव्याच्या पाकिटात घालून
वर अनुक्रमांक लिहिला.
पासंगालाही पुरत नाही, असं लोक एखाद्याला म्हणतात.
पुरत होतं.

तर आता रुपया जाईल. जाऊ दे, चार आणे गेलेच की.
शेवडे सांगतात, सत्तेचाळीसचे पंचेचाळीस होतील,
अठ्ठेचाळीसचे पन्नास,
सरासरी काढली की दोन्हीकडे सारखंच.
वहीत सारखंच असणार, हिरव्या शाईत.
पण चुकलेला काटा मी आयुष्यभर पाहिलाय, शेवडे,
हजारोंनी, आणि तो गिऱ्हाइकाकडे झुकलेला
मोजून आठ वेळा.
त्यातही दोघा दुकानदारांना ठाऊक नव्हतं,
सांगितल्यावर रडवेले झाले.
फोन असलेल्याचे पैसे न पैसे बरोबर जातील,
बारा पैसेसुद्धा, आवाज न करता.
पूर्णांक होईल तो नाण्यांनी मोजणाऱ्याचा.
हे मी सभेत म्हणायला हवं होतं.
हात वर करा म्हणाले तेव्हा
माझा चहा त्याच हातात होता.
तटस्थ एक, असं लिहिलं गेलं.

परतताना बाजारातून आलो.
फिलोमिनाच्या जागेवर आता तिची मुलगी बसते,
हीच ती पडलेली असावी, हनुवटीवर खूण आहे.
काटा इलेक्ट्रॉनिक, लाल शून्य लुकलुकतंय,
पोटाखाली काही लावायची सोय नाही.
तिने मला ओळखलं नाही, मीही काही बोललो नाही.
केळी झाली एकसष्ट रुपयांची.
साठ दिले आणि रुपयासाठी खिसे चाचपत राहिलो,
सदऱ्याचा, विजारीचा, चष्म्याच्या घराचाही,
मागे दोन बायका थांबलेल्या.
राहू द्या हो बाबा, ती म्हणाली,
आणि पुढच्या बाईचं पडवळ काट्यावर ठेवलं.

आठ म्हणालो होतो ना मी?
नऊ करा.